फ्रीजमागची दोन इंच जागा आणि पाण्याची नळी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि तुम्ही दिलेली मापे कागदावर मांडून पाहिली. मला समजलेली परिस्थिती अशी आहे. पुण्यात बारा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघरात सुताराने केलेल्या कोनाड्यात पाणी आणि बर्फ देणारा, दोन उभ्या दारांचा नवा फ्रीज बसवायचा आहे. फ्रीज पूर्ण आत गेला तर पाठीमागे दोन इंच उरतात. पण बिल्डरने पाण्याचा पॉइंट नेमका त्याच भिंतीवर दिला आहे आणि त्यावरचा अँगल कॉक, म्हणजे पाणी चालू-बंद करायची काटकोनी तोटी, भिंतीपासून सव्वातीन इंच पुढे येतो. दुकानातून आलेला माणूस "मागे जागाच नाही" असे सांगून नळी न जोडता निघून गेला, सुतार बाजूच्या पट्ट्या दीड इंच पुढे ओढायला तयार आहे, आणि तुम्ही विचारता आहात की एवढ्या जागेत मावेल असा एखादा छोटा कॉक किंवा हवी तशी वाकणारी नळी बाजारात मिळते का.

मिळते. आखूड मानेचे कॉक मिळतात आणि कोपऱ्यात वळणाऱ्या फिटिंगही मिळतात. तरीही तुमच्या घरी मी आलो असतो तर त्यांपैकी काहीही त्या भिंतीवर बसवले नसते. प्लंबिंग आणि वॉटर प्युरिफायरच्या कामात मला बावीस वर्षे झाली, आणि त्यातून माझे एकच मत पक्के झाले आहे : अडचणीच्या जागेत मावणारा जोड शोधत बसण्यापेक्षा जोडच अडचणीतून बाहेर काढावा. फ्रीजच्या मागून फक्त अखंड नळी जावी. कॉक, टी (तीन तोंडांचा जोड), फिल्टर आणि बाकीच्या सगळ्या जोडण्या जिथे हात पोहोचतो आणि जिथे ओल डोळ्यांना दिसते अशा ठिकाणी असाव्यात. फ्रीजच्या स्वतःच्या तोंडाशी एक जोड करावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण तो एकच असावा. याशिवाय तुमच्या बाबतीत दुसरी एक अडचण आहे, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलेच नाही. ती म्हणजे अकराव्या मजल्यावर पाण्याला मिळणारा दाब. माझ्या अंदाजाने जागेपेक्षा तीच तुम्हाला जास्त त्रास देईल, पण तिच्याकडे नंतर येतो.

हे मत मी फुकट मिळवलेले नाही. कामाला लागून तीन-चार वर्षे झाली असतील तेव्हा कोथरूडमध्ये अशाच एका कोनाड्यात मी फ्रीजच्या मागे, भिंतीलगत, नळीचा जोड करून दिला होता. नळी कापायला हत्यार हाताशी नव्हते म्हणून ती घरातल्या कात्रीने कापली. काप किंचित तिरका गेला. जोडून, पाणी सोडून, बोट फिरवून पाहिले तर कोरडे होते, म्हणून फ्रीज आत ढकलून मी निघालो. अडीच आठवड्यांनी फोन आला की फ्रीजशेजारच्या कपाटाचे दार लागत नाही. दार लागत नव्हते कारण कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगला होता. फ्रीज ओढून पाहिले तर त्या जोडाच्या खालच्या कडेवर मोहरीएवढा थेंब साचत होता, मिनिटाला एखादा खाली पडत होता आणि स्कर्टिंगच्या आडोशाने थेट प्लायवुडमध्ये मुरत होता. त्या कपाटाचे पैसे मी भरले. चूक कात्रीची होती हे खरे, पण तोच जोड सिंकखाली असता तर दुसऱ्या दिवशी भांडी काढताना कुणाच्या तरी हाताला ओल लागली असती.

आता तुमच्या भिंतीवरच्या पॉइंटचे काय करायचे ते पाहू. भिंत खणून कॉक आत घ्यावा, म्हणजे तो पुढे येणार नाही, असे कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवील. हे भिंतीवर अवलंबून आहे. विटांची जाड भिंत असेल आणि पाइपला आत सरकवायला जागा असेल तर छोटा कोनाडा खणून त्यात कॉक बसवता येतो, आणि काम चांगले दिसतेही. परंतु गेल्या काही वर्षांतल्या पुण्यातल्या बऱ्याच उंच इमारती मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींच्या आहेत. तिथे भिंत म्हणजे इमारतीचा भार घेणारा भाग असतो, आत सळ्या असतात, आणि छिन्नी लावायला सोसायटी परवानगी देत नाही ते योग्यच करते. भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज येतो का, खिळा सहज जातो का, एवढ्यावरूनही अंदाज येतो. पण खात्रीसाठी सोसायटीच्या ऑफिसात विचारा. भिंत विटांची निघाली तरी नव्या टाइल्स फोडून, जुळती टाइल शोधून हा खटाटोप करण्याइतके त्या पॉइंटमध्ये काही नाही, असे मला वाटते.

माझा मार्ग साधा आहे. तो अँगल कॉक काढून टाकायचा आणि त्या अर्ध्या इंचाच्या तोंडाला पितळेची डमी लावून ते बंद करायचे. डमीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे डमी घट्ट करताना ती उलगडणार नाही अशी, दहा-बारा वेढे गुंडाळायची. पाना लावताना हात राखून लावायचा, कारण भिंतीत सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची, लाइन असेल तर जोर केल्याने आतली पितळी फिटिंग फिरून प्लास्टिकला तडा जाऊ शकतो, आणि मग मात्र टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही. डमी लावल्यावर लगेच फ्रीज आत सारू नका. चार-पाच दिवस ती तशीच उघडी राहू द्या, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरा आणि रोज सकाळी त्यावर डाग आहे का ते पाहा. आम्ही ज्याला डमी म्हणतो तोही शेवटी जोडच आहे, आणि तो पुढची अनेक वर्षे कुणाला दिसणार नाही.

पाणी घ्यायचे ते सिंकखालून. तुम्ही दिलेल्या आराखड्यात सिंक फ्रीजच्या कोनाड्यापासून साधारण सात फुटांवर, त्याच भिंतीला आहे, मध्ये ट्रॉल्यांचे दोन खण आहेत. हे फार सोयीचे आहे. ट्रॉलीच्या जाळ्या भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत; मागे दोन-तीन इंचांची पोकळी जवळजवळ प्रत्येक किचनमध्ये असते आणि नळी त्या पोकळीतून आरामात जाते. सिंकच्या अँगल कॉकवर पितळी टी लावून एका बाजूने नेहमीची कनेक्शन पाइप नळाला जाऊ द्यावी आणि दुसऱ्या बाजूला फ्रीजसाठी स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह बसवावा. हा व्हॉल्व्ह वेगळाच हवा. गणपतीला आठ दिवस गावी जाताना फ्रीजचे पाणी बंद करून सिंकचे चालू ठेवता आले पाहिजे, आणि रात्री काही बिघडले तर घरातल्या कुणालाही टॉर्च न शोधता तो बंद करता आला पाहिजे. पाइपला खिळ्यासारखे भोक पाडून त्यावर चिमट्यासारखा बसणारा जो स्वस्त व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळतो तो कृपया वापरू नका. तो रबराच्या एका छोट्या वायसरच्या भरवशावर असतो आणि प्लास्टिकच्या पाइपवर तर मुळीच चालत नाही.

नळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक इथे पंचवीस-तीस रुपये वाचवायला जातात. फ्रीजला बाहेरून जोडायची नळी पाव इंची असते, आमच्या भाषेत दोन सूत. आरओला वापरतात तीच पांढरी नळी. ती पिण्याच्या पाण्यासाठीची, छापील नाव आणि दाबाची मर्यादा असलेली घ्या. सुटी, कोरी नळी घेऊ नका. लांबी मोजताना सिंकखालचा व्हॉल्व्ह ते फ्रीजचे तोंड हे अंतर अधिक किमान दोन मीटर असा हिशोब धरा. तुमच्या घरी सात फुटांचे आडवे अंतर, वळणे आणि मागची गुंडाळी मिळून पाच मीटर लागतील. मी सहा घेतले असते. नळी कमी पडली म्हणून मध्ये सांधायची वेळ आली तर तो जोड नेमका ट्रॉलीमागे येतो, आणि मग एवढी धडपड कशासाठी केली असा प्रश्न पडतो.

गुंडाळीतून काढलेली नळी पुन्हा गोल व्हायला पाहते. ती ओढून सरळ करायच्या भानगडीत न पडता टोकाकडचा हातभर भाग पाच मिनिटे गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, धरला की ती मऊ होते आणि हवी तशी बसते. वळण देताना अंगठ्याने दाबून कोपरा काढायचा नाही. दीड इंचापेक्षा लहान त्रिज्येत मी ती कधी वळवत नाही. एकदा दुमडलेल्या नळीवर जी पांढरी रेघ उमटते ती सरळ करून जात नाही, तो भाग कापून टाकायचा. ट्रॉलीच्या खणांमधल्या प्लायला भोक पाडाल तेव्हा त्यात रबरी वायसर बसवा, नाहीतर प्लायची कड वर्षानुवर्षे नळीला घासत राहते. तुमच्याकडे उंदीर किंवा चिचुंद्री येत असेल तर नळी उघडी न ठेवता वायरिंगच्या प्लास्टिक पट्टीतून किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपातून न्या. अकराव्या मजल्यावर उंदीर कुठला, असे तुम्ही म्हणाल. मी चौदाव्या मजल्यावर कुरतडलेली नळी बदललेली आहे.

आता फ्रीजच्या तोंडाशी करायचा तो एकमेव जोड. बहुतेक मॉडेलमध्ये पाठीमागे खालच्या बाजूला दाबून बसणारी फिटिंग असते. नळी आत ढकलली की आतले दात तिला धरतात आणि रबराची गोल रिंग पाणी अडवते. त्यामुळे नळीचे टोक अगदी काटकोनात, गुळगुळीत कापलेले हवे. त्यासाठी नळी कापायचा छोटा कटर मिळतो, तो घ्या. टोकापासून पंधरा मिलिमीटरवर पेनाने खूण करा. नळी ढकलताना आधी थोडा अडथळा लागतो आणि अनेकजण तिथेच थांबतात. तो दात लागल्याचा असतो. आणखी जोर लावला की ती रिंगमधून सरकते आणि तळाला टेकल्याचे बोटांना स्पष्ट कळते. खूण फिटिंगच्या कडेशी आली म्हणजे बसली. मग नळी मागे ओढून पाहा, आणि निळी किंवा लाल क्लिप दिलेली असेल तर ती लावा. या फिटिंगवर टेफ्लॉन लावायची नसते. ती जिथे आटे आहेत तिथेच लागते.

दोन इंचांच्या जागेत खरी अडचण इथे येते. नळी फ्रीजच्या पाठीतून सरळ बाहेर आली आणि मग वळली तर फिटिंगची लांबी आणि वळण मिळून तीन इंच तरी खाते. फ्रीज आत ढकलल्यावर भिंत त्या नळीला दाबते, नळी फिटिंगमध्ये तिरकी होते, रबराची रिंग एका बाजूने सैल पडते आणि त्या दिवशी नव्हे, तर महिन्याभराने थेंब सुरू होतो. म्हणून तिथे काटकोनी एल्बो वापरायचा. त्याने नळी पाठीला समांतर वळते आणि सगळे काम सव्वा इंचात आटोपते. एल्बोतून निघाल्यावर नळी किमान दोन इंच सरळ जाऊ द्यावी आणि मग वळवावी. काही मॉडेलमध्ये फ्रीजमधूनच एक आखूड नळी बाहेर आलेली असते आणि तिला सांधायचे असते. तिथे जोड कॉम्प्रेसरच्या झाकणाशेजारच्या खोलगट भागात बसवता येतो आणि जागेचा प्रश्नच राहत नाही. तुमच्या फ्रीजची पाठ कशी आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, तेवढे पाहून घ्या. काही फ्रीजच्या आतली नळी पाव इंचीपेक्षा जाड, आठ मिलिमीटरची असते. तिथे मोठ्याचे छोटे करणारा जोड फ्रीजसोबत येतो, तोच वापरावा.

हा जोड करताना फ्रीज कोनाड्याबाहेर, अडीच-तीन फूट पुढे असला पाहिजे. यासाठीच मघाची दोन मीटर जास्तीची नळी. जोड करून, पाणी सोडून, खात्री झाल्यावर ती जास्तीची नळी साधारण दहा-अकरा इंच व्यासाच्या तीन वेढ्यांत गुंडाळून भिंतीला समांतर उभी ठेवायची. नळीची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे तीन वेढे एकमेकांवर आले तरी पाऊण इंचापेक्षा जास्त जागा जात नाही. वेढे एकत्र आवळून बांधू नका. फ्रीज पुढे ओढताना ते उलगडले पाहिजेत. वरचा वेढा फ्रीजच्या पाठीवर चिकटणाऱ्या क्लिपमध्ये सैल अडकवला की गुंडाळी खाली घसरून चाकाखाली जात नाही. फ्रीज ढकलताना पुढचे पाय वर घेऊन तो चाकांवर आणा, खालच्या तिसऱ्या भागात हात लावून सरळ रेषेत ढकला, आणि एका माणसाला बाजूच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च धरून फक्त नळीकडे पाहायला सांगा. शंभर किलोपेक्षा जास्त वजनाच्या फ्रीजचे चाक नळीवरून एकदा जरी गेले तरी ती बदलायची असते.

मागची जागा पूर्ण दोन इंच ठेवायची की अजून कमी करायची, याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. कमी करू नका. मॅन्युअलमध्ये हवा खेळण्यासाठी पाठीमागे आणि बाजूंना जी जागा सांगितलेली असते ती पाण्याच्या नळीसाठी नसते, ती फ्रीजची उष्णता बाहेर जाण्यासाठी असते. तसेच त्याच कोनाड्यात विजेचा सॉकेटही असणार. पाण्याचा कोणताही जोड सॉकेटच्या वर किंवा सरळ रेषेत येऊ देऊ नका, आणि हे सगळे काम प्लग काढूनच करा.

इथपर्यंतचे एकत्र सांगायचे तर भिंतीवरचा पॉइंट डमी लावून बंद, पाणी सिंकखालून स्वतंत्र व्हॉल्व्हने, मध्ये एकही सांधा नसलेली नळी, फ्रीजच्या तोंडाशी एल्बो, आणि मागे सैल गुंडाळी. सुताराला पट्ट्या पुढे ओढायची गरज नाही.

आता दाब. फ्रीजच्या आत पाणी सोडणारा जो विजेचा व्हॉल्व्ह असतो त्याची रचना अशी असते की वीज त्याला उघडते, पण घट्ट बंद करायचे काम मुख्यतः पाण्याचाच दाब करतो. आत रबराचा पातळ पडदा असतो आणि लाइनमधले पाणी त्याला मागून दाबून बसवते. दाब कमी असेल तर पडदा नीट बसत नाही, बंद असतानाही थेंब-थेंब पाणी बर्फाच्या साच्यात जात राहते, आणि एके दिवशी बर्फाचे सगळे खडे एकमेकांना चिकटून वीट तयार झालेली दिसते. लोक अशा वेळी फ्रीज खराब निघाला म्हणून तक्रार करतात. मी बसवलेल्या बहुतेक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये 20 ते 120 पीएसआय (दाब मोजायचे एकक) अशी मर्यादा होती, काहींत खालचा आकडा 30 किंवा 35 होता. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा.

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 14 पीएसआय होतो. तुमच्या सिंकखालच्या कॉकपासून वर मोजले तर तुमचा मजला आणि बारावा मजला मिळून सुमारे सहा मीटर, गच्चीपासून टाकीच्या तळापर्यंत दोन-अडीच मीटर, आणि टाकीतले पाणी. म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. हिशोब 13 पीएसआयपर्यंत जातो. हाच फ्रीज तुमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणी घेतला असता तर त्याला 40 पीएसआयच्या वर दाब मिळाला असता आणि मला हा परिच्छेद लिहावा लागला नसता. अर्थात, बऱ्याच सोसायट्यांमध्ये वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप बसवलेला असतो. तुमच्याकडे तो असेल तर माझा हिशोब चुकेल आणि तुमचे काम सोपे होईल. म्हणून अंदाजावर न जाता मोजा. अर्ध्या इंचाच्या आट्यांचा प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो कॉकवर लावून कॉक उघडला की आकडा दिसतो. एकदा सकाळी साडेसातला, सगळी इमारत अंघोळ करत असताना मोजा, आणि एकदा दुपारी. कमी येईल तो आकडा धरा. बादली किती वेळात भरते यावरून दाब कळत नाही. मोठ्या पाइपातून कमी दाबानेही भरपूर पाणी येते.

इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले तंत्रज्ञही पडतात. भिंतीवर टांगलेला आरओ घरात आहेच, मग त्याच्यातूनच फ्रीजला नळी द्यावी, म्हणजे शुद्ध पाणीही मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्याकडच्या भिंतीवरच्या आरओची टाकी ही नुसती साठवणीची टाकी असते. तिच्या तोटीतून पाणी स्वतःच्या वजनाने येते. ती टाकी फ्रीजच्या व्हॉल्व्हपेक्षा चार फूट उंच असली तरी दाब जेमतेम पावणेदोन पीएसआय. मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला पाणी गाळणारा पडदा, आणि टाकी यांच्यामध्ये टी मारून नळी घेण्याचा उद्योगही मी पाहिला आहे. तिथे पाणी इतक्या संथपणे येते की ग्लास भरायला बसून राहावे लागते, कारण बाकीचे पाणी सोपी वाट धरून टाकीत जाते. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये आरओमधून फ्रीजला पाणी दिलेले दिसते ते खरे आहे, पण तिथे सिंकखाली हवेच्या दाबाची बंद टाकी असते. आत रबराचा पडदा आणि एका बाजूला हवा असल्यामुळे ती टाकी पाणी ढकलते. तसा सिंकखालचा आरओ इथेही मिळतो, आणि तो तुमच्याकडे असेल तर प्रश्न बराचसा सुटतो. मात्र टाकी रिकामी होत आली की तिचाही दाब उतरतो.

तुमचा मोजलेला आकडा कमी आला तर सिंकखाली 24 व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप बसवायचा, त्याच्या पुढे प्रेशर स्विच आणि शक्य असल्यास हवेच्या दाबाची छोटी टाकी. फ्रीजने पाणी घेतले की लाइनमधला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, दाब चढला की स्विच तो बंद करतो. टाकी नसेल तर प्रत्येक ग्लासाला पंप घरघरतो आणि स्विच लवकर झिजतो. गच्चीवरच्या टाकीला पाणी नसताना पंप कोरडा चालू नये म्हणून त्याच्या मागे कमी दाबाचा दुसरा स्विचही लावा. सोसायटीची टाकी रिकामी होण्याचे प्रसंग उन्हाळ्यात येतातच. पंपाखाली रबराचा तुकडा ठेवला तर ट्रॉल्यांमधून आवाज घुमत नाही.

पाणी कोणते, यावर फिल्टर ठरतो. पुणे महापालिकेचे धरणाचे पाणी मऊ असते. ते एकटेच येत असेल तर आरओची गरज मला वाटत नाही. पाच मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, पुढे कार्बन, आणि गच्चीवरच्या टाकीच्या स्वच्छतेची खात्री नसेल तर लाइनवर बसणारा यूव्ही, एवढे पुरते. टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या मानकात स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत सवलत आहे. फ्रीजसोबत येणारा फिल्टर कार्बनचा असतो. तो वास आणि क्लोरीन काढतो, क्षार काढत नाही, आणि जंतूंसाठी त्याच्यावर विसंबू नये. जड पाणी थेट दिले तर आत व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पांढऱ्या थराने भरते आणि वर्ष-दीड वर्षात पाण्याची धार सुतासारखी होते. फिल्टर सगळे सिंकखालीच बसवा, कारण ते वर्षातून एक-दोनदा बदलायचे आहेत.

पाणी सोडल्यावरची तपासणी बोटाने करू नका, वर्तमानपत्राने करा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद अंथरून रात्रभर ठेवायचा. बोटाला न जाणवणारा थेंबही कागदावर डाग सोडतो, आणि पाणी वाळून गेले तरी कागद सुरकुतलेला राहतो, त्यामुळे रात्री दोनला पडलेला थेंबही सकाळी सापडतो. फ्रीजच्या एल्बोखालीही असाच कागद ठेवून फ्रीज एक रात्र बाहेरच राहू द्या. स्वयंपाकघरात वावरायला अडचण होईल, पण ती सोसा. त्यानंतर दहा-बारा लिटर पाणी डिस्पेन्सरमधून काढून टाका. सुरुवातीला हवा फुर्रफुर्र करत येईल, पाणी थोडे काळपटही दिसेल. ती नव्या कार्बनची पूड असते. बर्फाच्या पहिल्या दोन-तीन खेपाही टाकून द्या.

फ्रीजच्या तोंडाशी होणारा जोड कंपनीच्याच माणसाने करावा अशी वॉरंटीची अट आहे का, ते कार्डावर वाचा. असेल तर सिंकखालचे काम आणि नळी आधी तयार ठेवून त्याला फक्त तेवढ्यासाठी बोलवा; नळी हातात, मागे मोकळी जागा आणि समोर पाणी असले की तो "जागा नाही" म्हणणार नाही. तोवर दोन गोष्टी इथे लिहा : सकाळचा आणि दुपारचा गेजचा आकडा, आणि फ्रीजच्या पाठीवर पाण्याचे तोंड जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या बाजूला आहे ते. पंप लागेल की नाही आणि एल्बोचे तोंड कुठे वळवायचे, हे त्यावरून सांगता येईल.